भागाबाईचा सालदार

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावात वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार जुना मालक सोडतात नि नवा धरतात. छत्तीस सालच्या आखाजीला मात्र झिपरूनाना कुणाकडेच लागला नाही. पोरगा मगन नरडाण्याला रेल्वेत लागला होता. त्यानं हात जोडले, "आबा, चाळीस साल राबनात. आते घर बठा."

नाना बसला. असा बसला की उठेचना. महिनाभर कोर-दीड कोर भाकर, बोलणं त्याहून कमी. मी शेजारीण, न राहवून विचारलं, "नाना, काय दुखस?"

"काई नई. दिन उगस, पन मनाकरता उगस का, समजत नई."

दिवस त्याच्यासाठी असा कधी उगवलाच नव्हता. दहाव्या वर्षापासून कुणी 'ऊठ' म्हटलं की उठायचं, 'खाय' म्हटलं की खायचं. आता म्हणणारंच कुणी उरलं नव्हतं. भगत आला, उतारा करून कोंबडं घेऊन गेला. तब्येत सुधारली ती भगताची.

शेवटी नानाच्या बायकोनं, भागाबाईनं, त्यालाच साल ठरवायला बोलावलं. पंच मी. जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेल्या त्या बाईनं पदर दातात धरला नि म्हणाली, "झिपरू, मनाकडे सालदार ऱ्हाशी का?"

नानाची मान महिन्यानं वर झाली. "काय देशात?"

"दोन टाइम भाकर. पोयाले जोडा, दिवाईले घोंगडी."

"घोंगडी नवी पाहिजे. मांगला मालकनी जुनी दिन्ही व्हती."

स्वतःच्याच घरच्या भाकरीसाठी तो तासभर घासाघीस करत होता. मी हसू दाबून बसले.

दुसऱ्या दिवशी 'ऊठ' म्हणताच नाना उठला. कुंपण बांधलं, तीन भाकरी खाल्ल्या. पण खाल्ल्या ओट्यावर, निजला गोठ्यात. सालदार घरात कसा येईल? भागाबाई चुलीपाशी एकटी जेवायची. नवरा जगला होता, पण तिच्या वाट्याला आला नव्हता, याचं मला फार वाईट वाटे.

पोळ्याला मी पुरणाची पोळी घेऊन गेले, तर नाना मागच्या दारात उभा. "मालकीन, आज सुट्टी द्या. घर जाई येसू. बायको एकली शे मनी."

भागाबाई म्हणाली, "जाय."

नाना घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आला. खाटेवर टेकला. "दमनू व मी," एवढंच म्हणाला नि ढसाढसा रडला. इतक्या वर्षांत आपण दमलो, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. भागाबाई त्याचे पाय चेपत राहिली.

ऊन कललं तसा तो गडबडीनं उठला. "जावं लागी. मालकीन वाट दखत व्हई."

भागाबाईनं त्याचा हात धरला.

"बठा. तुमनी मालकीन मना वळखीनी शे. काई म्हनाव नई ती."