पडद्याआडचं अवघड दुखणं

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. दवाखान्यात तपासणीच्या खाटेभोवती मी लटकतो. मला शिवलं ते समोरच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी. कापड जाड, शिलाई सरळ. मला पाहून डॉक्टरबाई खूश झाल्या होत्या.

वर्षं गेली. माझा रंग उडाला, अंगावर औषधांचे डाग पडले, येणाऱ्याजाणाऱ्यांनी मला हात पुसले. माझ्याकडे कोणी बघतही नसे. पण माझ्या आड माणसं खरं बोलायची, म्हणून मी समाधानी होतो.

एके सकाळी खुद्द शिंपीकाकाच माझ्या आड येऊन बसले. "पाठ दुखते," म्हणाले. डॉक्टरबाईंनी सगळी पाठ दाबून पाहिली, काका कुठेच कळवळेनात. तेवढ्यात बाहेरून काकूंचा आवाज आला, "पाठीचं राहू द्या. अवघड जागेचं दुखणं आहे. जावई डॉक्टर नाही हे नशीब समजा, आणि सांगून टाका."

काकांनी मान खाली घातली. मग अडखळत बोलू लागले. शिश्नाच्या टोकावरची कातडी वरचेवर लाल होत होती, खाजत होती. तिला चिरा पडून ती आखडली होती, मागे सरकत नव्हती. लघवी करताना आग व्हायची. त्यांनी साबणाने घासून धुतलं, दुकानातून कुठलंसं मलम आणून लावलं, तर ते जास्तच चिघळलं.

"ताई, कॅन्सर तर नसेल ना?" त्यांनी विचारलं. किती दिवस ते एकटेच या भीतीत होते कोण जाणे.

डॉक्टरबाईंनी दिवा जवळ घेऊन नीट तपासलं. "तसं काही दिसत नाही. बुरशीचा संसर्ग आहे. पण तो पुन्हा पुन्हा का होतोय? तहान फार लागते का?"

"तांब्यावर तांब्या रिकामा करतात," उत्तर बाहेरून आलं.

बोटाच्या टोकातून रक्त घेतलं. साखर बरीच वाढलेली होती. "लघवीतून साखर जाते, त्यावर ही बुरशी पोसते," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी बुरशीवरचं मलम दिलं, साखर उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या. साबण बंद. कोमट पाण्याने धुवायचं, हलकेच टिपून कोरडं करायचं. कातडी जोर लावून मागे ओढायची नाही. मागे गेलेली कातडी पुढे येईना, सूज आली किंवा लघवी अडली, तर तसंच उठून दवाखाना गाठायचा. हा संसर्ग जोडीदारालाही होऊ शकतो, म्हणून काकूंनाही आत बोलावून खाज आहे का, हे विचारलं.

"कापावं लागेल का?" काकांनी हळूच विचारलं.

"आखडलेलीच राहिली तर बघू. आधी साखर खाली आणू."

काकांनी सगळं मनावर घेतलं. लाली गेली, चिरा भरल्या, कातडी आपोआप सैल झाली. साखरही आटोक्यात आली. काकू म्हणाल्या, "आता चिडचिड नाही, घरात माणसासारखे वागतात."

परवा काका पुन्हा आले, हसतच. "ताई, एक गिऱ्हाईक आलं. पँट खूप सैल शिवा म्हणालं, आणि खुर्चीवर बसेना काही केल्या. मी मापाची टेप बाजूला ठेवली आणि त्याला माझंच सांगितलं. बाहेर उभं केलंय त्याला."

मित्रांनो, शरीराची कुठलीच जागा लाजिरवाणी नसते. तिथे दुखलं-खुपलं तर मनात कुढू नका. घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा, डॉक्टरांना दाखवा. आमच्यासारख्या जुन्या पडद्यांनाही अधूनमधून धुवा, आम्हालाही बरं वाटतं.

बाहेरचा माणूस दबकत आत आला. काकांनी त्याला खाटेवर बसवलं, मला हलकेच ओढलं आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले.