मांडीतल्या तंतुकणिकेचे गाऱ्हाणे

मी एक जुनी तंतुकणिका आहे, मित्रांनो. एका शाळकरी मुलीच्या मांडीत, स्नायूच्या पेशीत राहते. तुमच्याही पेशींत माझ्यासारख्या खूप जणी आहेत. अन्न आणि प्राणवायू घ्यायचा, शक्ती तयार करायची, हे आमचे काम. शक्ती संपली की पाय उचलत नाही. माझे वाक्यही

थांबा. दम घेते.

आम्ही आईकडूनच येतो. आजीकडून आईत, आईकडून मुलीत. काही जणी धडधाकट, काही अधू. माझ्या जनुकात एक अक्षर चुकलेले आहे. ती चूक माझी नाही, मला ती तशीच मिळाली. या मुलीच्या वाट्याला अधूच जास्त आल्या.

तिच्या आजोळच्या बायकांच्या पापण्या अर्धवट मिटलेल्या. त्याचे केवढे कौतुक! बारशाला मामा म्हणाला होता, डोळे अगदी आमच्या घरचे आहेत. पापणी उचलायलाही शक्ती लागते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

तिचे बाबा पोहायला शिकवतात. तलावावर सगळे त्यांना 'मगर' म्हणतात. सरावाने जात नाही असे दुखणे त्यांना ठाऊकच नव्हते. मुलगी मागे पडली की ते काठावरून तिच्याबरोबर चालत.

"पाणी कुणाला बुडवत नाही बाळा, आळस बुडवतो. अजून एक फेरी."

अजून एक.

मी राबत होते. शेजारणी एकेक करून गळत होत्या. पेशीत आम्ल साचले. मांडीचा दगड झाला.

अजून

मधल्या दोरीपाशी ती खाली गेली. मगरीने कपड्यांसकट उडी

काढले त्यांनी तिला. जिवंत.

मग दवाखाना. तपासणीसाठी मांडीचा छोटा तुकडा काढला, त्यात माझ्या कितीतरी शेजारणी गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, हे दुखणे बरे करणारे औषध नाही. तिला दमवू नका, उपाशी ठेवू नका, ताप आला तर वाट न बघता इथे आणा. पुढे श्वासाचे स्नायूही थकू शकतात. आणि हे आईच्या बाजूने आले आहे.

आत्या लगेच म्हणाली, तरी मी सांगत होते, त्या घरात सगळेच सुस्त. आई जमिनीकडे बघत राहिली.

मुलीनेच विचारले, "आई, जिना चढताना तुझ्यापण मांड्या भरून येतात?"

"लहानपणापासून," आई म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यांच्याच येतात."



आता ते तिघे घराच्या जिन्याखाली उभे आहेत. बाबांनी वाकून पाठ पुढे केली आहे. मुलगी मान हलवते. म्हणते, मी चढते.

मित्रांनो, तिला चढू देऊ नका. तिने पाऊल उचलले की मी असेल नसेल ते देणार, संपेपर्यंत देणार. मला दुसरे काही येत नाही. तिला नाही म्हणणे तुमच्या हातात आहे. म्हणा. लवकर