आबा, जेवा

आमच्याकडे कारल्याला कडू म्हणत नाहीत. बाजारात त्याचं नाव थंड फळ. जेवणाच्या टेबलावर कडू हा शब्द निघाला की तो घरात मुक्कामाला येतो, असं सासूबाई म्हणायच्या. आम्ही शुनदे शहरातली माणसं खायच्या बाबतीत जेवढी काटेकोर, तेवढीच न बोलायच्या बाबतीत.

बीफ घालून परतलेलं थंड फळ ही माझ्या धाकट्या दिराची, चि-लोकची, आवड. तो शेनझेनहून कामासाठी इकडे आलाय आणि संध्याकाळी जेवायला येतोय, असं नवऱ्याने दुपारी फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, आबांना सांगितलंत का?

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. दाढी केली."

माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, एरवीच्या दिवशी दाढी करणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी लगेच पिशवी घेऊन मांसवाल्याकडे गेले.

सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात चि-लोकने ऑपरेशनचा हट्ट धरला होता. आबा नको म्हणत होते. ऑपरेशन झालं, आणि सासूबाई त्यातून उठल्या नाहीत. सगळे विधी आटोपल्यावर आबा दारात उभे राहून धाकट्याला म्हणाले, "आजपासून मला हाक मारू नकोस."

आमच्यात याहून जड बोलणं नाही. मूल बोलायला लागलं की त्याला आधी हाक मारायला शिकवतात. मोठं माणूस दिसलं की नात्याने हाक. जेवायला बसलं की प्रत्येक मोठ्याला वेगळी हाक, आजोबा जेवा, काका जेवा, आणि मग घास. मोठा माणूस नुसतं "हं" म्हणतो. पण त्या "हं"शिवाय जेवण सुरू होत नाही. चि-लोक त्या दिवशी गेला तो गेलाच. सणावाराला नवऱ्याशी फोनवर बोलायचा, आबांची तब्येत विचारायचा, झालं.

आणि इकडे आबांचे कान गेले. उभ्या तरुणपणात ते ड्रॅगनच्या तोंडाच्या होड्यांच्या शर्यतीत ढोल वाजवायचे. त्यांच्या ठोक्यावर सगळी होडी वल्हवायची. त्या ढोलानेच कान खाल्ले असणार. घरात हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. टीव्ही इतका मोठा लावतात की समोरची बाई आमच्या बातम्या ऐकून स्वयंपाक करते. कोणी काही विचारलं आणि उत्तर चुकलं की म्हणतात, आजकालची माणसं पुटपुटतात. मग आम्ही सगळे पुटपुटल्याबद्दल वरमतो.

मी नवऱ्याला म्हटलं, चि-लोकला कानांचं सांगून ठेवा. तो म्हणाला, नको. इतक्या वर्षांनी मुलगा येतोय आणि त्याच्यापुढे आबांना बहिरं करून ठेवायचं? त्यांना ते सहन होणार नाही. मला ते पटलं. पटलं नसतं तर बरं झालं असतं.

बीफ मी आडव्या धाग्याने, कागदासारखं पातळ कापलं. सोया सॉस, चिमूटभर साखर, थोडं कॉर्नफ्लॉर, मग दोन चमचे पाणी घालून मांसाने ते पिईपर्यंत हाताने चोळलं, आणि शेवटी वरून तेल. थंड फळाच्या चकत्यांना मीठ लावून पिळून घेतलं. काळे खारवलेले सोयाबीन लसणाबरोबर ठेचले. एवढं झालं की पुढचं काम दोन-चार मिनिटांचं. पण ती मिनिटं येण्याआधी माणसं टेबलावर बसलेली हवीत. कढईतून काढल्यावर या पदार्थात जी धग असते ती टिकत नाही. म्हणून आमच्याकडे सगळे बसतात, भात वाढला जातो, हाका मारून होतात, आणि तेवढ्यात रांधणारी परतलेलं घेऊन बाहेर येते.

चि-लोक आला. केस विरळ झालेले, हातात संत्र्यांची पिशवी. मला म्हणाला, "वहिनी, तू तशीच आहेस." मी म्हटलं, "तू डोळे तपासून घे." तो हसला. आबा आपल्या खुर्चीत बसले होते, त्यांनी नुसतं बसायला खुणावलं. तो त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसला. मी माझ्या मुलीला, सिन-यीला, भात वाढायला सांगितलं, स्वयंपाकघराचा काचेचा दरवाजा सरकवला, धुराचा पंखा पूर्ण जोरात लावला आणि कढई तापत ठेवली.

आमचा पंखा विमानासारखा ओरडतो. तेलातून धूर निघाला, लसूण आणि सोयाबीन टाकले, त्यावर बीफ पसरलं. खालून रंग धरेपर्यंत हात लावायचा नसतो. म्हणून मान वर करून काचेतून पाहिलं. सिन-यीने सगळ्यांना हाक मारली असणार. आबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. नवऱ्यानेही हाक मारली, आबांनी पुन्हा मान हलवली. मग चि-लोकने वाटी दोन्ही हातांत धरली, मान खाली घातली, आणि त्याचे ओठ हलले. थोडेसेच.

आबा समोर बघत होते, माझ्या दाराकडे.

मी बीफ काढलं, थंड फळ परतलं, बीफ परत घातलं, कडेने तांदळाची दारू सोडली. बशी घेऊन बाहेर आले, पंखा बंद केला. खोली एकदम शांत झाली. बशी मधे ठेवून मी बसले. कोणी हात लावेना. आबा जेवणाच्या काठ्या हातात धरून थांबले होते. चि-लोक वाटी धरून थांबला होता. बशीवरची वाफ बघता बघता बारीक झाली.

"आबा, जेवा," मी म्हटलं, अगदी मोठ्याने.

"हं," आबा म्हणाले. मग कोणाकडेच न बघता बोलले, "जेवा. काही लोकांना घरातल्या पद्धती विसरायला होतात."

चि-लोकचा चेहरा मी पाहिला. मी तोंड उघडलं. टेबलाखालून नवऱ्याचा पाय माझ्या पायावर आला. मी म्हटलं, "बीफ गार होतंय."

चि-लोकने नीट जेवून घेतलं. बीफ छान झालंय म्हणाला, गाडीची वेळ झाली म्हणाला, उठला. आबा टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता.

स्वयंपाकघरात मी सिन-यीला विचारलं, काकाने हाक मारली का गं?

"मारली ना. आबा, जेवा, असं म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले. आजोबांनी मुद्दाम उत्तर दिलं नाही."

मी सपाता तशाच घालून जिना उतरले. तो बसथांब्यावर उभा होता. मला धावताना बघून घाबरला. मी धापा टाकत त्याला सांगितलं, आबांना ऐकू येत नाही. कधीचंच येत नाही. तू मान खाली घातलीस, पंखा चालू होता, त्यांना कळलंच नाही.



"आधी का नाही सांगितलं? मी ओरडलो असतो, वहिनी. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो असतो."

"चल मग. आत्ता ओरड."

त्याने घराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे दिवा होता.

"गाडीत बसल्यापासून तो एक शब्द घोटत होतो," तो म्हणाला. "एकदा निघाला. आज पुन्हा नाही निघायचा. तू त्यांना सांग, मी मारली होती हाक."

"तू सांगितलेलं आणि मी सांगितलेलं सारखं होतं का?"

"नाही होत," तो म्हणाला. बस आली, तो चढला. मी हात हलवला. नवऱ्याचा मला राग आला, मग माझा आला, मग कोणावर धरावा ते कळेना.

वर आले तेव्हा आबा अजून टेबलाशीच होते. नवरा गॅलरीत सिगरेट ओढत होता. मी आबांच्या समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी, आणि सावकाश म्हटलं, "चि-लोकने हाक मारली होती. आबा, जेवा, असं म्हणाला. सिन-यीने ऐकलं."

नवऱ्याने गॅलरीतून वळून पाहिलं. घरात इतकं उघड कोणी कधी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता म्हणतील, आजकालची माणसं पुटपुटतात.

आबांनी काठ्या वाटीवर सरळ लावून ठेवल्या. मग पुन्हा लावल्या.

"आबाच म्हणाला?"

"आबाच."

त्यांनी शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताला होतं ते.

"उजवीकडे बसवायचं होतंस त्याला," ते म्हणाले. "या कानाने थोडं येतं अजून."