वरच्या माळ्यावरचं पिंप

हॉलिस बॅगबी त्या शुक्रवारी कामावरून कायमचा मोकळा होणार होता, आणि आठवडाभर व्हिस्कीच्या गोदामातल्या सगळ्यांचं एकच टुमणं होतं: आता तरी वर्नाचं पिंप उघडा.

वर्ना म्हणजे त्याची बायको. इथल्याच दारूभट्टीच्या दळणघरात तिनं उभा जन्म काढला. इथली बर्बन व्हिस्की मक्याचीच, पण जोडीला इतरांसारखं राय हे तिखट धान्य नाही, गहू. वर्नाला त्याचा केवढा अभिमान! म्हणायची, "राय तोंडात शिरल्या शिरल्या भांडायला उठते. गहू आधी बसतो, मग बोलतो." म्हातारे मालक हयात असताना त्यांनी या जोडप्याला एक भरलेलं पिंप भेट दिलं. वर्नानं त्याच्या झाकणावर खडूनं दोघांची नावं लिहिली आणि नवऱ्याला दम भरला.

"हे तळमजल्यावरच राहील, कळलं? गव्हाच्या दारूला घाई सोसत नाही. तू घरी बसशील ना, त्या दिवशी दोघं मिळून उघडू."

सांगायची गरजच नव्हती. तळमजल्याच्या गारव्यात व्हिस्की सावकाश मुरते, आणि वर, पत्र्याखालच्या उन्हाळ्यात लाकूड तिला पिऊन हवेत उडवून टाकतं, हे हॉलिसला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

पुढे वर्ना गेली. घर खायला उठलं. जेवणाच्या टेबलापाशी हॉलिस रेडिओशी बोलू लागला, आणि रेडिओ मध्येच गाणं लावी तेव्हा त्याला चक्क राग येई. दुपारचा डबा घेऊन तो गोदामाच्या सर्वांत वरच्या माळ्यावर जायला लागला, कारण तिथल्या खिडकीतून टेकडीवरचं चर्च आणि त्यामागचं कब्रस्तान दिसे. एका हिवाळ्यात त्यानं वर्नाचं पिंप मालाच्या लिफ्टमधून वर आणलं आणि त्या खिडकीखाली ठेवलं. खाली अंधारात तिला एकटं वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं होतं. ते बोलून दाखवायची त्याची छाती नव्हती. बाकीच्यांनी पाहिलं, पण त्याला कुणी अडवलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी तो त्या पिंपाला पाठ टेकून घेवडा आणि मक्याचा पाव खाई. पिंपातून नुकत्याच भाजलेल्या पावाचा, जळक्या साखरेचा वास येई. रविवारी वर्नाच्या एप्रनला यायचा तोच. त्या वासात तो तिला गावच्या बातम्या सांगे, आणि तेवढा अर्धा तास त्याला बरं वाटे. गोदामातला माणूस येताजाता पिंपावर टिचकी मारतोच, आवाजावरून आतला माल कळतो. हॉलिसनं या एका पिंपावर कधी टिचकी मारली नाही.

शुक्रवारी दुपारी सगळे वर जमले. गोदामाची मुकादम ट्वायला हातात लाकडी हातोडा घेऊन आली. शेजारच्याच घरातली पोर, वर्नाच्या हातचं खाऊन वाढलेली.

"हॉलिसकाका, रडायचं नाही हं. आधीच सांगते."

"तू रडू नकोस म्हणजे झालं."

"देवदूतांचा वाटा सोडून आमच्यासाठी काही उरलंय का, ते बघा!" नवा आलेला ड्वाइट मागून ओरडला. पिंपातून जी दारू हवेत उडून जाते, ती इथे देवदूतांच्या नावावर लावतात.

ट्वायलानं सवयीनं झाकणावर टिचकी मारली. मग जरा खाली. मग अगदी तळाशी. तिचं हसू मावळलं. तिनं बूच काढलं आणि तांब्याची नळी आत सोडली. नळी कोरडी वर आली.

चौघांनी मिळून पिंप कलतं केलं. जेमतेम एक पेला निघाला, काळाकुट्ट.

ट्वायलानं फळ्यांवरून हात फिरवला. "गळतीचा डाग नाही कुठे."

"मग चोरली की काय कुणी? आणि एवढं जुनं पिंप वर आणलं कोणत्या शहाण्यानं?" ड्वाइट म्हणाला. ट्वायलानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिना उतरूनच गेला.

हॉलिसनं घोट घेतला. कडू लाकूड. गहू कुठेच नव्हता. त्यानं पुन्हा चव घेतली, जिभेवर धरून ठेवली, आणि मग त्याला उमगलं. तो पावाचा वास! ज्याला तो वर्नाची सोबत समजत होता, ते तिचं निघून जाणं होतं. दर दुपारी थोडं थोडं, त्याच्याच पाठीमागून.

"कुणी चोरली नाही गं," तो ट्वायलाला म्हणाला. "मीच संपवली. डबा खाता खाता."

ट्वायलानं हातोडा खाली ठेवला. "खाली चला, काका. केक आणलाय सगळ्यांनी."

"तू हो पुढे. आलोच."

माणसं उतरली. हॉलिस त्याच्या नेहमीच्या जागी बसला, पण पाठ टेकवेना. तो उठला, त्यानं बूच जागेवर बसवून हातोड्यानं ठोकलं, पुन्हा ठोकलं, आणि त्यावर तळहात दाबून तसाच उभा राहिला. आत जो काही वास उरला होता, तो तरी जाऊ नये म्हणून.