माशांचा श्रावण

त्या माशाने पोवळ्याचा लचका तोडला, क्षणभर तोंडात घोळवला आणि थुंकून टाकला. वळून आला आणि त्याच जागी पुन्हा तोंड घातलं. मी चहाचा कप खाली ठेवला. माझा जन्म चेंदणी कोळीवाड्यातला. पुढे शाळेत शिकवायला लागले तरी घरी आल्यावर विळी माझ्याच हातात असायची. खवले काढले, आतडी उपसून मांजरांना टाकली, किळस म्हणून कधी आली नाही. ती आली मुलाच्या हॉलमध्ये, सोफ्यावर बसून.

दिपेशची ती काचेची टाकी टीव्हीपेक्षा लांब आहे. पाणी गाळून त्यात तो डब्यातलं विकतचं मीठ कालवतो आणि समुद्र तयार करतो. ज्या ठाण्यात आम्ही मिठागरांच्या बांधावरून अनवाणी पळायचो, तिथे आता मीठ कुरियरने येतं. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा एवढंच मला ठाऊक होतं. या टाकीत ती जिवंत होती. कुणाला लवलवणारी बोटं, कुणाला फुगलेले ओठ, निळ्या दिव्याखाली सगळी संथ डुलत असायची. त्यांच्यातून चार-पाच मासे फिरायचे. त्यातला एक जांभळा, पोटाशी नारिंगी, तळहाताच्या निम्म्याएवढा. तोच हा.

पूर्वी तो पोवळ्यांकडे बघतही नसे. दिपेश सकाळी फ्रीझरमधून बारीक कोळंबीची गोठवलेली वडी काढून पाण्यात विरघळवायचा, आणि जांभळा काचेशी येऊन उभा राहायचा. श्रावण लागला आणि माझ्या विहीणबाई, मंदाकिनीताई, डोंबिवलीहून लेकीकडे राहायला आल्या. बाई सुशिक्षित, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी साबुदाणा भिजवताना त्यांनी फ्रीझर उघडला.

"माधवी, हे गं काय?"

"माशांचं खाणं आहे, आई. कोळंबी."

"श्रावणात? माझ्या नैवेद्याच्या खव्याशेजारी?"

वड्यांची पाकिटं खाली कचऱ्याच्या डब्यात गेली. माधवी माझ्याकडे बघत राहिली. ती स्वतः मासे खात नाही, पण आमच्या खाण्याला तिने कधी नाक मुरडलं नव्हतं. श्रावणात आमच्याही घरी चूल शाकाहारीच असते, मग मी कोणत्या तोंडाने बोलणार?

दिपेश कामावरून आल्यावर म्हणाला, "अहो आई, मासे आहेत ते! त्यांना काय घालू, वरीचे तांदूळ?"

"काकडी घाला, वाटाणे घाला. महिनाभर पाळला श्रावण तर काय मरणार आहेत?" विहीणबाई हसल्या. दिपेशही हसला. सासूशी वाद नको म्हणून त्याने खरंच उकडलेला वाटाणा चुरून टाकला.

जांभळ्याने वाटाणा तोंडात घेतला आणि सोडून दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे तो काचेशी येईनासा झाला. आणि मग मी तो लचका पाहिला.

आठवड्याभरात टाकीची कळा गेली. ओठांसारखं ते पोवळं आतून आक्रसलं, त्याचं मांस सुटून चिंध्या लोंबायला लागल्या आणि खालून पांढरा सांगाडा दिसू लागला. त्यावर तपकिरी बुळबुळीत साय धरली. झाकण उघडलं की कुजट वास यायचा, आणि त्या वासाशेजारी आमची रोजची राजगिऱ्याची खीर. मला घास जाईना. जांभळा मात्र दिवसभर त्या चिंध्यांवर तुटून पडलेला. लग्नाच्या पंगतीत पोट भरलेली माणसं ताटात जिलबी कुस्करून ठेवतात, तसं त्याचं चाललं होतं. फक्त याचं पोट भरलेलं नव्हतं.

"दिपेश, तो भुकेला आहे रे," मी म्हटलं.

"आई, मी आणली कोळंबी. काल गाडीत बसून छोटं पाकीट फोडलं, चोरासारखं. टाकली. खातो आणि परत कोरलवर जातो. दुकानवाला बोलला, एकदा चव लागली की सुटत नाही. काढून टाका बोलला."

"मग दुकानात परत दे."

"तो नाही घेत. असला मासा कोण घेणार? पण याला काढायलाच हवं, नाहीतर सगळी कोरल जातील. दोघं एकत्र नाही राहू शकत."

विहीणबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "अहो, एवढं सोपं आहे. नारळी पौर्णिमा आलीये. खाडीत सोडून द्या. मुक्या जिवाला मोकळं केल्याचं पुण्य लागेल."

"ताई, तो या खाडीतला नाही. तासभरही जगायचा नाही."

"पाणी ते पाणी, रतनताई. खारंच ना दोन्ही?"

दिपेशला सुटका हवी होती, आणि सुटकेला पुण्याचं नाव मिळालं होतं. मारायला त्याचा हात धजावला नसता. सोडायला धजावला.

पौर्णिमेला आम्ही चेंदणी बंदरावर गेलो. वाजतगाजत सोनेरी कागदातला नारळ आला. नऊवारी नेसलेल्या, दागिने घातलेल्या बायका नाचत होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्या विद्यार्थिनी. विहीणबाईंच्या हातात पाण्याने फुगवलेली पिशवी होती आणि पिशवीत जांभळा, कल्ले भराभर हलवत.

मी कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. याच पायऱ्यांवर बसून आई दगडाने कालवं फोडायची आणि कच्चंच एक माझ्या तोंडात घालायची. ओहोटीला चिखलात निवट्या, ते चिखलातले चिमुकले मासे, टणाटण उड्या मारायच्या. बापाची होडी कळव्याच्या बाजूने वळली की पाण्यात बोय मासळी चमकलेली दिसायची. आता खाली काळं, तेलकट, जाड पाणी होतं. त्यावर थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या, एक फुगलेली कोंबडी. मघाचा नारळ त्यात पडला तसा पाणी उडण्याऐवजी नुसता मऊ आवाज झाला. आम्ही दर्याला देव म्हणतो, आणि देवाच्या तोंडात हे घालतो.

विहीणबाईंनी डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली आणि रबर सोडायला लागल्या. मी पिशवी हिसकावली. पाणी त्यांच्या साडीवर सांडलं.

"अहो, काय हे!"

"ताई, मारायचाच असेल तर घरी सांगा. विळीवर घेते, एका झटक्यात मान कापते. मला येतं ते. पण याला गटारात बुडवून वर हात जोडायचे, हे मला नाही बघवत."

"मी जीव वाचवतेय त्याचा!"

"तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत. म्हणून त्याने शेजाऱ्याचं मांस खाल्लं. आता शिक्षाही त्यालाच?"

माधवी पुढे झाली. मला वाटलं आईची बाजू घेईल. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, रबर घट्ट केला आणि दिपेशला म्हणाली, "माळ्यावरची छोटी टाकी काढ. पोवळी नकोत त्यात. तुझ्या आईंच्या खोलीत ठेवू."

घरी जाताना मी गाडी बाजाराशी थांबवायला लावली आणि मूठभर ताजी कोळंबी घेतली. स्वयंपाकघरात सोलायला बसले तेव्हा विहीणबाई दारात आल्या. साडी अजून ओलीच होती.

"अजून अर्धा श्रावण बाकी आहे, रतनताई."

"तुमचा. आमच्या घरी आज दर्याला नारळ गेला की संपतो. एवढी वर्षं तुमचा मान राखला. सोसायटीत वास जातो म्हणून सुकट भाजायची सोडली. पण या टाकीतला मासा आता माझा आहे, आणि त्याची चूल मी सांभाळणार."

हॉलमधली सगळी पोवळी काही सुधारली नाहीत. दोन दगड नुसते पांढरे राहिले, बाकीची हळूहळू उघडताहेत. जांभळा माझ्या खाटेशेजारी उघड्याबोडक्या काचेत फिरतो. मला तो आवडत नाही. त्याचं ते तोंड दिसलं की लोंबणाऱ्या चिंध्या आठवतात. तरी रोज सकाळी मी कोळंबीचा काळा धागा काढते, बारीक तुकडे करते आणि बोटांनी पाण्यात धरते. तो येतो, हिसका देऊन तुकडा ओढतो, चघळतो, थुंकतो, थुंकलेलंच पुन्हा गिळतो.

विहीणबाई दाराबाहेर नाकाला पदर लावून उभ्या असतात.

"शी! कसं खातोय मेला," म्हणतात.

आणि तो शेवटचा तुकडा संपवेपर्यंत तिथून हलत नाहीत.