सात पत्रांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. लाल पुठ्ठ्याची, पिनांनी शिवलेली. दिसायला साधी असले, तरी माझ्यासमोर भल्याभल्यांनी माना खाली घातल्या आहेत.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका दुकानातून अरुणाबाईंनी मला आणलं. बाई शिकल्या चौथीपर्यंत, पण तोरा हेडमास्तरणीचा! त्यांच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांनी उपासनेत इग्नेशियस या धर्मासाठी जीव दिलेल्या रक्तसाक्ष्याची गोष्ट सांगितली होती. शिपाई त्या म्हाताऱ्या बिशपाला साखळदंडात बांधून रोमला नेत होते, श्वापदांपुढे टाकायला. आणि हा पठ्ठ्या वाटेतून पत्रं लिहीत होता की, बाबांनो, फुटू नका, एका भाकरीभोवती जमा.

"मरायला निघाला, आणि काळजी कोणाची? मंडळीची!" बाई म्हणाल्या. पाळकसाहेबांनी सातही पत्रं मराठीत करून दिली. हिवाळाभर खपून बाईंनी ती माझ्यात उतरवली. कोणी चूक काढली की म्हणायच्या, "मग तू लिही की!"

दर ऑक्टोबरात इग्नेशियसच्या दिवशी मंडळी हॉलमध्ये जमायची. ज्या घरची भाकर, त्या घराने माझ्यातलं एक पत्र वाचायचं, हा बाईंचा कायदा. मग प्रभुभोजनातल्या द्राक्षरसाचा एकच प्याला हातोहात फिरायचा. मी तृप्त व्हायचे.

मग साथ आली आणि हॉलला कुलूप लागलं. तो उघडला तेव्हा बाईंचा मुलगा उदय प्लॅस्टिकचे चिमुकले ग्लास घेऊन आला.

"दादा, हे काय? खोकल्याचं औषध?" धाकटी मीनल म्हणाली.

"हायजीन आहे ते, मीनल."

"आईच्या हातच्या प्याल्यात तुला जंतू दिसतात?"

वर्षभर ग्रुपवर आग ओकून झाली. शेवटी मीनलने नॉटिंगहॅमला, तिच्या घराजवळ, वेगळा हॉल घेतला. निम्मी घरं तिच्यामागे गेली.

बाई खचल्या. "मरायच्या आत दोघांना एका टेबलाशी बघू दे. ग्लासात प्या नाहीतर बादलीत प्या!"

बाईंच्या शब्दाखातर दोघं आले. बाईंनी स्वतः भाकर भाजली. पण उदय म्हणाला, "आधी वहीचं ठरवू."

"फोटोकॉपी काढा ना," उदयची मुलगी अन्वी म्हणाली.

"मग ओरिजिनल कोणाकडे?" दोघं एकदम बोलले. तेवढं एकच त्यांचं जुळलं.

वाटणी चोख झाली. तीन पत्रं त्याला, तीन तिला. चौथं अगदी मधोमध आलं. उदयने पट्टी धरली, मीनलने सुरी फिरवली; अर्धं त्याला, अर्धं तिला.

"अरे गाढवांनो, काय लिहिलंय ते तरी वाचा!" बाई ओरडल्या. कोणी मान वर केली नाही. भाकर तशीच राहिली.

बाई फेब्रुवारीत गेल्या. प्रार्थनासभा दोन झाल्या. दोन्हीकडे ऐक्यावर भाषणं झाली.

मित्रांनो, वहीला कव्हर घाला, तिची पानं दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतात. तेही कराच. पण वाचाल त्यातलं एखादं वाक्य तरी ऐका. मोठे ऐकतील ही आशा मी सोडली आहे.

या ऑक्टोबरात उदयने चौथं पत्र वाचायला घेतलं. पान संपलं, पण वाक्य संपलं नव्हतं. त्याने मला मिटलं.

हॉलभर सगळे म्हणाले, "आमेन."