प्रुडन्सने नाव दिलेला डोंगर

वायोमिंगच्या त्या भागात सरकारी नकाशावर नुसती कोरी जागा होती आणि तिच्या मधोमध कुणीतरी हौसेनं काढलेलं एक अस्वल. अस्वल पुसून तिथे डोंगर भरायला वॉशिंग्टननं आम्हाला पाठवलं होतं. तिथल्याच शोशोनी आदिवासींना तो मुलूख तोंडपाठ होता, पण त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मोहिमेचे प्रमुख प्रोफेसर लुडलो. नकाशे काढायचा ऑरिन टाटम. खेचरं हाकायचो मी. प्रोफेसरांचा नियम सोपा होता: माथ्यावर ज्याचा पाय पहिला पडेल, त्यानं डोंगराला नाव द्यायचं. त्यामुळे आमच्या आचाऱ्याची आत्या आधीच नकाशावर जाऊन बसली होती, बर्फासकट.

ऑरिनला एकच डोंगर हवा होता. ओहायोतले जज होबर्ट त्याला म्हणाले होते, "माझ्या नावाचा डोंगर नकाशावर दाखव आणि माझ्या मुलीला, लव्हिनियाला, घेऊन जा." जज थट्टा करत होते. ऑरिनला थट्टा कळत नसे.

मोसमातला शेवटचा मोठा डोंगर आला. ऑरिन सगळ्यांच्या पुढे. माथा हाकेवर असताना त्यानं थांबून केस विंचरायला घेतले. प्रसंगच तसा होता. तेवढ्यात कोन मोजायचं यंत्र पाठीवर घेतलेली प्रुडन्स, आमचं सर्वांत वयस्कर खेचर, त्याच्या शेजारून शांतपणे वर गेली.

"पहिला पाय प्रुडन्सचा," प्रोफेसर म्हणाले.

"अहो, पण ती खेचर आहे!"

"नियमात पाय म्हटलंय, टाटम. तिला तर चार आहेत."

मग ठरलं की नावं वाचायची आणि प्रुडन्स ज्यावर ओरडेल ते ठेवायचं. प्रोफेसरांना सिनेटर स्क्रॉगिन्सचं नाव हवं होतं, कारण मोहीम त्यांनीच मंजूर करून आणली होती.

ऑरिन यंत्र उतरवायच्या निमित्तानं प्रुडन्सला चिकटून उभा राहिला. पोटाखालचा पट्टा सैल केला की ती सुखानं ओरडते, हे मीच त्याच्या कानात सांगितलं.

"स्क्रॉगिन्स," प्रोफेसर म्हणाले. प्रुडन्स गप्प.

"होबर्ट." ऑरिनचा हात हलला. दरी दणाणली.

"झालं!" ऑरिन नाचायलाच लागला.

"झालं कसं? आपण प्रत्येक कोन तीनदा मोजतो आणि सरासरी काढतो. पट्टा आवळा."

दुसऱ्यांदाही होबर्ट. तिसऱ्यांदा प्रोफेसरांनी क्रम उलटा केला. यंत्रातली चूक पकडायला ते नेहमीच तसं करत. पण ऑरिनच्या हाताला दुसऱ्या नावाची सवय लागली होती. होबर्टवर तो ढिम्म राहिला, स्क्रॉगिन्सवर पट्टा सुटला, आणि प्रुडन्सनं सिनेटरांचा जयजयकार केला.

प्रोफेसरांनी गंभीरपणे गणित केलं. "दोन तृतीयांश होबर्ट, एक तृतीयांश स्क्रॉगिन्स. सिनेटरांना खाली ठेवता येणार नाही. वरचा भाग त्यांचा."

उतरताना ऑरिन म्हणाला, "एवढ्यावर मुलगी देतील का रे?"

"एंगेजमेंटपुरतं तरी होईल," मी म्हणालो.

हिवाळ्याच्या तोंडावर नकाशा छापून आला. ऑरिन एकटा जायला तयार नव्हता, म्हणून ओहायोला मलाही जावं लागलं. जजसाहेबांनी जेवणाच्या टेबलावरून भाजलेलं बदक बाजूला सारलं, नकाशा पसरला, चष्मा लावला. लव्हिनिया ऑरिनच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हा स्क्रॉगिन्स," जजसाहेब सावकाश म्हणाले, "माझ्या डोक्यावर उभा आहे?"

"हो जजसाहेब, पण त्याचं असं झालं—"

"हा माणूस माझ्या खांद्यांवर चढून मोठा झाला, हे मी किती वर्षं ओरडून सांगतोय! घरात कुणी ऐकत नव्हतं. आता सरकारनंच छापलंय!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली, बदक उडालं. "माझी टोपी आणा. आधी न्हाव्याला दाखवतो, मग पाद्रीबाबांना."

"जजसाहेब, खरं सांगायचं तर नाव खेचरानं—"

लव्हिनियानं त्याच्या पायावर टाच रोवली. "ऑरिन, तू बदक खा." मग दारापर्यंत धावत जाऊन ओरडली, "बाबा! आणि माझं काय?"

जजसाहेब रस्त्यावर पोचले होते. नकाशा झेंड्यासारखा वर धरून ते म्हणाले, "तू अजून इथेच? मला वाटलं, तुम्ही केव्हाच गेलात!"